स्पंज घेऊन घोटीपर्यंत

नाशिकहून लोक गुहागरला समुद्रासाठी जातात, किंवा माशांसाठी. आम्ही स्पंज आणायला गेलो. ज्यांना फक्त रस्ता, राहणं आणि जेवण यांची माहिती हवी आहे त्यांना ती मधल्या भागात मिळेल. बाकीचं सोडून दिलं तरी चालेल.

जायचं ठरलं ते माझ्या धाकट्या भावामुळे. मकरंद प्राणिशास्त्र शिकवतो. तासिका तत्त्वावर, म्हणजे जितके तास तितका पगार आणि सुट्टीत काही नाही. डॉक्टरेट आहे. कायम जागेची जाहिरात येते, रद्द होते, पुन्हा येते. तो चाळिशी ओलांडून गेला. जेलरोडच्या फ्लॅटमध्ये तो आणि आई राहतात. मागच्या खोलीत खाऱ्या पाण्याची एक काचेची टाकी आहे. तीत तो समुद्रातले स्पंज सांभाळायचा आणि ते कापायचा. कापलेली जागा कशी भरून येते हे बघणं हे त्याचं काम. त्यावर लिहिलेला त्याचा निबंध एका चांगल्या नियतकालिकाने जवळजवळ स्वीकारला होता. तपासणाऱ्यांनी एकच प्रयोग आणखी मागितला होता. त्यासाठी दिलेली मुदतवाढ दुसरी होती आणि शेवटची, असं पत्रात लिहिलं होतं.

मार्चच्या उन्हात टाकीतले स्पंज मेले. सगळे.

एप्रिलमध्ये द्राक्षांवरच्या औषधांच्या एका कंपनीने त्याला नोकरी देऊ केली. गावोगाव जाऊन शेतकऱ्यांना औषध समजावून सांगायचं. महिनाअखेरपर्यंत उत्तर हवं होतं. तो मला म्हणाला, "प्रयोग झाला तर नाही जाणार. निबंध छापून आला तर बाहेर कुठेतरी फेलोशिप मिळेल. नाही झाला तर जाईन." हे त्याने भाजी निवडताना सांगितलं. मी ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते, पलीकडच्याच गल्लीत राहते. मला सुट्टी होती. मी म्हटलं, मीपण येते.

गाडी बापूची. बापू आमचा मामेभाऊ, पिंपळगाव बसवंतचा. त्याच्याकडे द्राक्षं वाहायचा पिकअप आहे. मागे जाड भिंतींची बंद पेटी, आतला गारवा टिकवणारी. हंगाम संपला होता, गाडी रिकामी उभी होती. तो स्वतःहून म्हणाला, "दादा, डिझेल टाका फक्त. मला बी समुद्र बघायचाय."

निघताना तो दोन निळे ड्रम घेऊन आला.

"त्यात काय होतं?" मकरंदने विचारलं.

"काय नाय. फवारणीचे. तीनदा धुतलेत."

"मोरचूद कालवलं असशील त्यात."

"ते कोण नाय कालवत, दादा?"

मकरंदने ड्रम खाली ठेवले. त्याने स्वतः नवीन कॅन आणले होते, झाकणाला भोकं पाडलेले. पाण्यात हवा सोडायला सेलवर चालणारे छोटे पंप आणले होते. थर्मामीटर होता, कॉलेजच्या प्राचार्यांच्या सहीचं पत्र होतं. तांब्याचा अंश पाण्यात राहिला तर एकही स्पंज टिकणार नाही, असं त्याने बापूला समजावलं. बापूने मान डोलावली आणि ड्रम अंगणात परत नेऊन ठेवले.

रस्त्याबद्दल. नाशिक ते कसारा घाट उत्तम, सकाळी लवकर निघालात तर. शहापूरनंतर कल्याणकडे वळून पनवेल गाठा. त्यापुढे मुंबई-गोवा महामार्गाचं काम चालू आहे. हे वाक्य कुठल्याही वर्षी लिहिलं तरी चालतं. वडखळ ते माणगाव धूळ आणि वळणं. महाडच्या पुढे रस्ता सुधारतो, कशेडीच्या बोगद्यामुळे घाटाचा वेळ वाचतो. चिपळूणला वळलात की गुहागरपर्यंत रस्ता अरुंद आहे, पण झाडी आहे. जेवण माणगावच्या अलीकडे उरका. पुढे भूक लागली की मिळेल ते खावं लागतं. आम्ही ते खाल्लं.

केबिनमध्ये आम्ही तिघं दाटीने बसलो होतो. बापूला वाटेत कळलं की आपण नेमकं काय आणायला चाललो आहोत.

"स्पंज म्हंजे भांडी घासायचा?"

"तो कारखान्यातला. हा प्राणी आहे."

"तोंड कुठं असतं त्याला?"

"नसतं. पोट नाही, मेंदू नाही, नसा नाहीत."

"मग आमच्या सरपंचासारखा हाय," बापू म्हणाला. मकरंद हसला. त्या प्रवासात तो दोनदा हसला, त्यातलं हे एक.

मग त्याने सांगितलं. मी ते इथे त्याच्याच क्रमाने लिहिते, कारण त्याहून सोपं मला जमणार नाही. स्पंज म्हणजे नळ्यांचं जाळं. नळ्यांच्या मध्ये छोट्या छोट्या खोल्या. खोल्यांच्या भिंतीला पेशी असतात. प्रत्येक पेशीला एक चाबूक आणि चाबकाभोवती जाळीची कॉलर. चाबूक हलतो, पाणी आत ओढलं जातं, कॉलरमध्ये अन्न अडकतं. दिवसरात्र हेच. स्पंज जगतो तो या पेशींवर.

आता स्पंजाचा तुकडा कापा. जखमेजवळच्या या पेशी चाबूक टाकून देतात. कॉलर आत ओढून घेतात. त्यांना आकार उरत नाही. मग त्या सरपटत कापलेल्या कडेला जातात, तिथे पसरतात, चपट्या होतात. कातडी होतात. बाहेरून बघणाऱ्याला जखम भरलेली दिसते.

"आणि पुन्हा चाबूक येतो का?" मी विचारलं.

"त्यांच्यातल्या काहींना येत असेल. बाकीच्या कातडीच राहतात."

"म्हणजे जखमेसाठी स्वतःचं काम सोडून..."

"सोडून वगैरे नाही, ताई. पेशीला काही वाटत नाही. तू त्यात काही घालू नकोस."

माझा धंदाच अर्थ घालण्याचा आहे.

तपासणाऱ्यांनी विचारलेला प्रश्न साधा होता. ही नवी कातडी जुन्याच पेशी रूप बदलून करतात, की नव्या पेशी जन्माला येऊन करतात? उत्तर शोधायची रीत अशी: पेशींचं विभाजन थांबवणारं रसायन पाण्यात घालायचं आणि स्पंज कापायचा. तरीही जखम भरली, तर ती जुन्यांनीच भरली. मकरंदला उत्तर माहीत असल्याची खात्री होती. ते दाखवायला त्याला जिवंत, धडधाकट स्पंज हवे होते. बापूने विचारलं, "आधीचे कशानं मेले?"

"उन्हाने. पाणी तापलं."

"हां," बापू म्हणाला. "माल तापला की गेला. द्राक्षाचं तेच हाय."

आम्ही उतरलो ते गाव गुहागरच्या दक्षिणेला आहे. नाव लिहीत नाही. तिथल्या खडकांवर उद्या दहा जण खुरपी घेऊन जावेत असं मला वाटत नाही. राहायची सोय घरगुती आहे. माणशी दर जेवणासकट वाजवी, नाशिकच्या बऱ्या लॉजपेक्षा कमी. रात्री कुळथाचं पिठलं आणि भात, सकाळी घावणे. मासे आधी सांगावे लागतात. गुहागर परिसरात अशी घरं पुष्कळ आहेत, विचारलं की दाखवतात. एप्रिलमध्ये उकाडा फार. कोणी सल्ला विचारला तर मी सांगेन, डिसेंबरात जा.

आम्हाला मात्र अमावस्या हवी होती. अमावस्या-पौर्णिमेच्या मागेपुढे ओहोटी खोल जाते आणि एरवी पाण्याखाली असणारे खडक उघडे पडतात. उजाडताना आम्ही खाली उतरलो. चपला घसरतात, मागे पट्टा असलेल्या सँडल घाला. खडकांवर दोनतीन बायका कालवं फोडत होत्या. त्यांतली एक वयस्कर होती. घरमालकीण तिला काकी म्हणत होती, म्हणून आम्हीही म्हणालो.

"काय शोधताव?" काकीने विचारलं.

मकरंदने एका डबक्यात वाकून दाखवलं. खडकाच्या पोटाला एक जांभळट थर चिकटला होता, त्यावर छोटी छोटी धुराडी.

"ही? ही आमच्या पायाखाली असते."

"तुम्ही काय म्हणता हिला?"

"कायच म्हणत नाय. खायची नाय, इकायची नाय. नाव कशाला ठेवायचा?"

मग मकरंदने खिशातून खाण्याच्या हिरव्या रंगाची बाटली काढली, मिठाईवाल्यांकडे असते ती. एक थेंब त्या थराच्या बाजूला सोडला. थेंब पाण्यात जरा लोंबकळला आणि आत गेला. आम्ही वाट पाहिली. मग एका धुराड्यातून हिरवी रेघ बाहेर आली. सरळ, बारीक, न थांबता.

"आयला," बापू म्हणाला. "चालू हाय."

काकी कोयता हातात धरून वाकली. इतकी वर्षं ती या खडकांवर येते. तिने पुन्हा एकदा थेंब टाकायला सांगितलं. मकरंदने टाकला आणि तो हसला. हे दुसरं.

जे जाणार असतील त्यांच्यासाठी दोन गोष्टी. चुनखडीचे काटे असलेले स्पंज काढायला कायद्याने मनाई आहे, आणि कुठले चुनखडीचे हे तुम्हाला-मला ओळखता येणार नाही. म्हणून हात लावू नका. आमच्याकडे पत्र होतं, माणूस होता, आणि त्याने बोटाएवढे मोजकेच तुकडे घेतले, खडकाच्या कपच्यांसकट. दुसरी गोष्ट, स्पंज पाण्याबाहेर काढायचा नाही, क्षणभरही. त्याच्या नळ्यांत हवा शिरली की ती बाहेर येत नाही. मकरंदने कॅन डबक्यात बुडवून पाण्याखालीच ते आत सरकवले. त्याचे गुडघे सोलवटले. सूर्य वर आला तेव्हा त्याने झाकणं लावली, पंप सुरू केले आणि कॅनवर हात ठेवून खडकावर बसून राहिला. मी त्याचा फोटो काढला. तो इथे लावलेला नाही.

लगेच परतीला लागलो. गाडी थांबेल तिथे मकरंद उतरायचा, पेटी उघडायचा, थर्मामीटर बघायचा. चिपळूणला ठीक. महाडला ठीक. माणगावला त्याने थोडं पाणी बदललं, आणलेल्या जादा कॅनमधून. बापू तापलेल्या रस्त्याकडे बघून म्हणाला, "दादा, ऊन लय हाय." मकरंद म्हणाला, "पेटी बंद आहे, टिकेल." आदल्या रात्री तो झोपलाच नव्हता. वडखळच्या पुढे त्याचं डोकं माझ्या खांद्यावर पडलं. मग मीही झोपले. पनवेलला बापूने डिझेल घेतलं, ते मला कळलं नाही.

जाग आली ती घोटीत. बापूने चहासाठी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली होती. भाताच्या गिरण्यांचा कोंडा उडत होता. मकरंद दचकून उठला आणि मागे गेला. बापू त्याच्या आधी पोचला होता. त्याने पेटीचं दार उघडलं. आतून थंडगार वाफ आली.

"गार ठेवलंय, दादा," बापू म्हणाला. "पनवेलला बर्फ घेतला. तुमाला उठवलं नाय."

कॅनच्या चारही बाजूंना बर्फाच्या लाद्या होत्या. वर ओलं गोणपाट. व्यवस्थित. बापू द्राक्षं बागेतून काढली की आधी शीतगृहात गार करतो, मग गाडीत भरतो, मग मुंबईपर्यंत गार ठेवतो. आयुष्यभर त्याने हेच केलं आहे आणि त्यात तो चुकत नाही. त्याला आम्ही सांगितलं होतं, आधीचे उन्हाने मेले.

मकरंदने झाकण काढून कोपरापर्यंत हात आत घातला. हात तसाच ठेवला.

"मस्त गार हाय ना?"

"हो," मकरंद म्हणाला.

त्याने थर्मामीटर घातला नाही. पाण्याला वास येत होता. समुद्राचा नाही, दुसरा. त्याने एक लादी उचलली आणि रस्त्याच्या कडेला ठेवली. मग दुसरी. बापू बघत राहिला. तिसऱ्या लादीला त्याला कळलं.

"चुकलो का, दादा?"

"तुला काय माहीत."

"बोला ना."

"समुद्राचं पाणी कोमट असतं, बापू. त्यांना तेवढंच लागतं."

बापू खाली बसला. गाडीच्या चाकाला टेकून. शेजारी उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं. तिथला माणूस हात पुसत आला.

"बर्फ टाकताय का? वाया कशाला, द्या इकडं."

आम्ही दिला. त्याने लाद्या धुतल्या, गोणपाटात गुंडाळल्या आणि आम्हाला तीन ग्लास रस आणून दिला. पैसे घेतले नाहीत. म्हणाला, "लांबून आलेले दिसता." आम्ही रस प्यायलो. चांगला होता, आलं-लिंबू घातलेला.

घरी आई जागी होती. तिने कॅनकडे बघितलं आणि चहा ठेवला. बापू चहा न घेता गेला.

मकरंदने तुकडे टाकीत ठेवले, पाण्याखालीच, जसे आणले तसे. पाणी हळूहळू कोमट होऊ दिलं. दुसऱ्या दिवशी त्याने हिरव्या रंगाचा थेंब सोडला. थेंब लोंबकळला, पसरला, फिका झाला. प्रत्येक तुकड्याजवळ त्याने तो सोडला. शेवटी सगळी टाकी हिरवट झाली.

मग त्याने आईकडे कुरडयांचा चीक गाळायचं कापड मागितलं. आईने घडी काढून दिली. एका तुकड्याचं अजून काहीतरी शाबूत असावं, असं त्याला वाटत होतं. त्याने तो कापडात धरून बशीतल्या पाण्यात पिळला. कापडातून पेशी सुट्या होऊन बाहेर पडतात, ढगासारख्या. धडधाकट स्पंजाच्या असतील तर त्या तळाला बसतात, सरपटतात, एकमेकींना शोधतात आणि पुन्हा गोळा होतात. त्यातून नवा स्पंजही होतो. हे जुनं आहे, तो म्हणाला, पाठ्यपुस्तकात आहे. कॉलेजकडून सुट्टीपुरता आणलेला मायक्रोस्कोप होता. त्याने मला बघायला बोलावलं.

आधी मला फक्त कण दिसले. मग त्यांतला एक हलला. इतका हळू की मी डोळा बाजूला घेतला आणि पुन्हा लावला. तो दुसऱ्याला टेकला. टेकलेले राहिले.

"जिवंत आहेत," मी म्हटलं.

"काही."

"मग?"

"मग काही नाही. यांच्यावर प्रयोग होत नाही. जखम व्हायला आधी शरीर लागतं."

तो रात्रभर बसला असणार. सकाळी मी आले तेव्हा बशीत काही गोळे झाले होते, मोहरीहून लहान. त्याने ते दाखवले नाहीत, मीच पाहिले. संध्याकाळपर्यंत त्यांच्यात दुसरेच सूक्ष्म जीव शिरले होते. ते खात होते आणि वेगाने फिरत होते. बशीत त्यांच्याइतकं जिवंत काही नव्हतं.

पुढची खोल ओहोटी पौर्णिमेला, मुदतीनंतर होती. त्याने नियतकालिकाला दोन ओळी लिहिल्या. कंपनीला एक.

हे प्रवासवर्णन आहे, म्हणून काय हाती आलं ते सांगायला हवं. फार नाही. मला आता कळतं की बरं झालेलं दिसणं आणि बरं होणं यांत काहीतरी फरक आहे आणि तो बाहेरून दिसत नाही. हे वाक्य मकरंदला आवडणार नाही. मी त्यात पुन्हा काहीतरी घातलं, असं म्हणेल. म्हणू दे. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात तो सर्वांत आधी पिंपळगावला बापूच्या बागेत गेला, कंपनीचा शर्ट घालून. बापूने त्याच्याकडून औषध घेतलं, लागत नसताना. शेजाऱ्यांना सांगितलं, "आमच्या दादाचा शब्द हाय, घ्या डोळे झाकून." दोघं नीट बोलले, असं मकरंद म्हणाला. नातेवाईक म्हणतात, बरं झालं, मार्गी लागला. त्याचं वजन वाढलं आहे. तो वेळेवर जेवतो. आईला याचा आनंद आहे, आणि मी तिला दोष देत नाही.

एका रविवारी दुपारी मी गेले तेव्हा तो टाकी रिकामी करत होता. आई बाहेरच्या खोलीत झोपली होती. कोणी मासे पाळणारं माहीत आहे का, असं त्याने मला विचारलं. मी म्हटलं, बघते. त्याने बादली भरून पाणी मोरीत ओतलं, पुन्हा भरलं, पुन्हा ओतलं. पाणी संपलं तरी हवेचा पंप चालूच होता. तो गेली कित्येक वर्षं त्या घरात चालू होता, रात्री, सणाला, आम्ही जेवत असताना, आणि त्याची घरघर आता कोणाला ऐकूही येत नव्हती. मकरंदने वाकून भिंतीवरचं बटण बंद केलं.

बाहेरच्या खोलीत आई जागी झाली.

"मकरंद, लाइट गेली का रे?"

तो टाकीत हात घालून उभा होता.

"नाही, आई," तो म्हणाला. "आहे."